कूलरच्या दोन बादल्या

रायपूर राजधानी झालं त्या दिवसांत, दुपारी झोपलेल्या माणसाला मध्येच उठवून कुणी डोक्यावर फेटा ठेवावा, तसं ते शहर दिसायचं. जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांच्या पाट्या लागल्या होत्या. पाटीचा रंग ओला, आणि आत साहेब लोक आपली खोली कोणती ते शोधत फिरत. लाल दिव्याची गाडी गल्लीतून गेली की आमच्या शेजारणी उगाच पदर सावरून उभ्या राहत. म्हणत, काय सांगावं, उद्या हाच नळाचा मंत्री निघायचा. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार पोक्त समजत होते. आज त्या बाईकडे पाहिलं की तिला कडेवर घ्यावंसं वाटतं, आणि कडेवर घेतल्यावर एक बारीक चिमटा काढावासा.

त्या वर्षी मला नोकरी लागली. काम असं, की जी माणसं अचानक गेली त्यांच्या घरी जायचं, जमिनीवर बसायचं आणि ती कशी गेली ते विचारून लिहून आणायचं. शहराच्या ठरावीक भागात वर्षभरात अशी किती माणसं जातात आणि काहून जातात, हे मोजायचं एक संशोधन चाललं होतं. ते चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम पुण्याकडच्या. त्यांना मराठी आणि हिंदी बोलणारी, छत्तीसगढीत 'हव, हव' करत ऐकून घेणारी बाई हवी होती. मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, रडणाऱ्या माणसासमोर गप्प बसता येईल का. मी हो म्हटलं. रडणाऱ्यांसमोर बसायची मला सवय होती. गप्प बसायची नव्हती, पण तेवढं मी सांगितलं नाही. आमचे हे रेल्वेत होते. ते म्हणाले, इतकी वर्षं लोकांच्या घरात फुकट नाक खुपसत होतीस, आता पगार घेऊन खुपस.

फॉर्म अकरा पानांचा होता. त्यात 'अचानक' म्हणजे काय ते पहिल्याच पानावर लिहिलेलं. त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात माणूस गेला, तर अचानक. जाताना कुणी पाहिलंच नसेल, तर आधीच्या चोवीस तासांत तो कुणाला तरी ठणठणीत दिसलेला असला पाहिजे. मी हे पाठ केलं आणि आरशासमोर म्हणून पाहिलं. सहा महिन्यांत माणसं काहून मरतात ते आपल्याला कळणार, अशी माझी खात्री होती. यमाला एवढी वर्षं कुणी नीट प्रश्न विचारले नाहीत, एवढीच काय ती अडचण, असं मला वाटत होतं.

ठणठणीत शेवटचं कधी पाहिलं, हा रकाना मला फार आवडायचा, आणि तोच कुणी नीट भरू देत नसे. मी विचारायची, किती वाजता? उत्तर यायचं, नळ गेल्यावर. मग मी पेन वर धरून विचारायची, नळ किती वाजता जातो? एका आजीनं मला शांतपणे सांगितलं होतं, "तो त्याच्या मनानं जाते." कुणाचा नवरा शेजारच्या मुलीची शाळेची रिक्षा आली तेव्हा ठीक होता. कुणाची आई पापड उलटवत होती, एक बाजू झाली आणि दुसरी राहिली. मी हे सगळं ऐकून घ्यायची आणि घड्याळाची वेळ मागायची. घरचे बिचारे एकमेकांकडे पाहून काहीतरी आकडा द्यायचे. माझ्या फॉर्मात माणसं फार वक्तशीरपणे मेली.

पण तो तास. आता या वयात मला फॉर्म आठवत नाही, तेवढा तो तास आठवतो. प्रत्येक घरात एक तास असा असायचा की ज्यात काही म्हणजे काहीच झालेलं नसायचं. तो माणूस नखं कापत होता. रेडिओ लावत होता, लागत नव्हता. उन्हात वाळत घातलेली मिरची आत घ्यायला सांगत होता. आणि घरचे हे इतकं हळू सांगायचे की जणू तो तास अजून संपलेलाच नाही, दाराआड उभा आहे, आवाज केला तर उडून जाईल. बाहेर मे महिन्याची दुपार पांढरी होऊन पडलेली असायची. तलावाकडून वारा यायचा तोही गरम, आणि मध्येच त्यात एखादी गार रेघ. मी भिंतीला टेकून बसलेली असायची आणि मला वाटायचं की मी पण त्या तासात आहे. तो माणूस आत्ता बाहेरून येईल आणि विचारेल, ह्या कोण आल्या आहेत?

घरी आल्यावरही मी त्यातून लवकर बाहेर यायची नाही. बसमध्ये समोरचा माणूस जांभई देत असला तरी मी मनातल्या मनात त्याचं वय लिहून टाकायची. जेवताना ह्यांना म्हणायची, तुम्ही आज शेवटचे ठणठणीत कधी होता? ते म्हणायचे, तू घरी यायच्या आधी.

एक गोष्ट मात्र मॅडमना खटकत होती. सगळ्या फॉर्मांवर 'आधी काही त्रास होता का' ह्यापुढे मी सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलेलं. काय तर म्हणे, एकदम चांगले होते. जेवले, हसले, गेले. मॅडम पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत म्हणाल्या, "इतकी ठणठणीत माणसं मरतात, तर मग आजारी कशी काय जिवंत आहेत?"

मला ह्यात प्रश्नच दिसत नव्हता. आता दिसतो. आपल्या लोकांत जो न झिजता गेला तो पुण्यवान. त्याला आधी काही होत होतं असं म्हटलं की त्याचं पुण्य कमी होतं, आणि घरातल्या कुणाला तरी ते ठाऊक होतं असा त्याचा अर्थ होतो. शिवाय गॅस म्हणजे आपल्याकडे त्रास नव्हेच. ओवा खाल्ला, सोडा प्याला, झालं. छातीत जळत असलं, खांदा भरून आला असला, तरी तो गॅसच, आणि गॅसबद्दल सरकारी फॉर्ममध्ये काय सांगायचं? म्हणून सगळे नाही म्हणायचे आणि मी नाही लिहायची, आणि दोघांनाही बरं वाटायचं.

त्या मे महिन्यात पंडरीच्या कापड बाजारामागच्या एका घरी मी गेले. नियम असा होता की तेराव्या दिवसाची तेरवी झाल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही. मी पाचव्या दिवशी गेले. ताजं ताजं असेल तेवढं चांगलं आठवेल, असा माझा हुशार विचार. भाजी घ्यायला गेल्यासारखा.

घर दोन खोल्यांचं, मागे अंगण. वैदर्भीय माणसं, आमच्यासारखीच. सासरा रेल्वेतून निवृत्त होऊन घर बांधून वारलेला. त्याच्या मागे सासू, एकुलता मुलगा, सून आणि एक सहा वर्षांची नात. मुलगा भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पाठवणीच्या पावत्या, लिहायचा. पस्तिशीचा असेल. तोच गेला होता. पुढच्या खोलीत तो जिथे गेला त्या उंबऱ्याजवळ पिठावर दिवा ठेवलेला, आणि दिव्याजवळ सासू बसलेली, पाठ अगदी ताठ. सून आतल्या खोलीच्या दारात. तिच्या मागे चादर टाकून झाकलेली शिलाई मशीन दिसत होती. बाजारातल्या दुकानांच्या साड्यांना ती फॉल लावून द्यायची.

बाहेर पन्नास अंश असल्यासारखं ऊन, खिडकीत वाळ्याचं नवं खस लावलेला कूलर, आणि तो बंद. घामानं माझ्या हाताखालचा कागद ओला होत होता. मी मूर्खासारखं म्हटलं, लाइट गेली वाटतं.

मग सासूनं सांगितलं. रविवार होता. दुपारी तो पडला होता. सुनेनं त्याला उठवलं, म्हणाली कूलरची टाकी रिकामी झाली, पाणी भरा. अंगणातल्या नळावरून त्यानं एक बादली आणून ओतली. दुसरी आणली, ओतली. मग ह्या उंबऱ्यावर टेकला, म्हणाला, जरा बसतो. चौकटीला डोकं लावलं. सासूला वाटलं, गार हवा लागली म्हणून डोळा लागला असेल.

"झोपेतून उठवून पाठवलं त्याले," सासू म्हणाली. सुनेकडे पाहत नव्हती, पण ऐकू जाईल अशा आवाजात. "हिले हवा पाहिजे होती."

हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. त्याच दिवशी, सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, दारात जमलेला असताना, तिनं हे म्हटलं होतं आणि पुढे म्हटलं होतं की तेरवी झाली की हिच्या भावांनी हिला घेऊन जावं, नात मात्र इथेच राहील. भाऊ गोंदियाकडचे, त्यांनी मान डोलावली होती. शेजारणी आपसात त्या पोरीला 'कूलरवाली' म्हणू लागल्या होत्या. पाच दिवसांत एका माणसाला एवढं सगळं होऊ शकतं. तिचं घर, तिचं माणूस, तिची मुलगी. आणि मी तिथे बसून 'साक्षीदार' पुढे लिहीत होते, 'आई, पत्नी'.

आधी काही त्रास? सासू म्हणाली, काहीच नाही, वाघासारखा होता. मी लिहिलं, नाही.

निघताना मी काही न बोलता उठले. आमच्याकडे मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. अशा घरी पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून तसंच उठून चालायचं. हिंदीवाल्या घरांना मी फार उद्धट वाटत असणार. सून मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली. दाताखाली पदराचं टोक.

"ताई," ती म्हणाली, "दोन बादल्यांनं माणूस मरते का?"

आता ऐका, त्रेचाळीस वर्षांच्या त्या पोक्त बाईनं काय उत्तर दिलं. तिनं बॅगेचा पट्टा सरळ केला आणि सांगितलं की आम्ही एकेका माणसाचं कारण सांगत नसतो, सगळ्यांची माहिती गोळा झाल्यावर निष्कर्ष निघतो. तिनं 'निष्कर्ष' हा शब्द वापरला. रस्त्यात उभ्या असलेल्या त्या पोरीसमोर. त्या पोरीनं मान हलवली, जसं काही तिला कळलंच, आणि परत गेली.

मी बाजारातून चालत निघाले. दुकानांपुढे साड्यांचे गठ्ठे उघडून पडले होते, आणि हवेत त्यांचे रंग पाण्यातल्यासारखे हलत होते. कुणी तरी हाक मारत होतं, दीदी, देख तो लो. मी पाहत होते ते भलतंच. एक माणूस बादली घेऊन चालला आहे, पाणी कडेवरून सांडतंय, आणि तो कधी पोचतच नाही. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, आज मी कसा आहे ते विचारणार नाहीस का. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. पाचव्या दिवशी गेले हे ऐकून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मला जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही, अजून थोडी लाज शिल्लक आहे. मग त्यांनी फॉर्म वाचला. म्हणाल्या, निरोगी हृदयाचा माणूस दोन बादल्यांनी मरत नाही. ज्याचं हृदय आधीच थकलेलं असतं त्याला निमित्त काहीही पुरतं, बादली काय, जिना काय. आणि थकलेलं हृदय आधी सांगत असतं.

मी म्हटलं, पण आई म्हणते काही त्रास नव्हता.

"त्रास विचारूच नका," मॅडम म्हणाल्या. "त्रास कुणी सांगणार नाही. त्यानं इतक्यात काय काय करणं सोडलं होतं, ते विचारा."

पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रश्न माझाच म्हणून लोकांना सांगत आले. मॅडमना कळलं असेल तर त्यांनी मोठेपणानं दुर्लक्ष केलं.

तेरवीपर्यंत थांबलं तर भाऊ त्या पोरीला घेऊन जातील, म्हणून ह्या वेळी मॅडमना विचारून मी आठव्या दिवशीच पुन्हा गेले. सासू तशीच दिव्याजवळ होती. मला पाहून म्हणाली, "तू तर येतो म्हटलं नाही. मले वाटलं, सुटलो."

ती गंमत करत होती की खरंच तसं म्हणत होती, मला कळलं नाही. मी बसले. मागच्या अंगणातून सुनेचा कपडे धोपटायचा आवाज येत होता, एकसारखा, दुपारच्या झोपेत ऐकू येतो तसा. मी ह्या वेळी फॉर्म बॅगेतच ठेवला. हे काही शहाणपण नव्हतं, मॅडमनी दम दिला होता. मी विचारलं, मावशी, त्यानं इतक्यात काही सोडलं होतं का? काही रोजचं, जे करायचा आणि मग करेनासा झाला?

सासूनं दिव्यातली वात पुढे सारली. मग म्हणाली, सायकल. भनपुरीला जाणारा टेम्पो चौकात मिळायचा, तिथवर तो सायकलनं जायचा. महिनाभरापासून सायकल हातात धरून चालत जायचा. ती म्हणायची, अरे बसून जा ना. तो म्हणायचा, वेळ आहे.

अजून?

बाजारातून येताना चढावर थांबायचा, म्हणे चप्पल चावते. नवी चप्पल घेतली तरी चावायचीच. रात्री एका उशीवर झोपायचा तो दोन उशा घेऊ लागला. असं एकेक ती हळूहळू काढत गेली, ट्रंकेतून जुने कपडे काढावे तसं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन जरा पाहायची आणि बाजूला ठेवायची. बोलता बोलता म्हणाली, उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवरच झोपतो, पण ह्या वर्षी तो गच्चीवर आलाच नाही. खालीच झोपतो म्हणाला. गरम होते तर कूलर काढू, म्हणाला.

तिथे ती थांबली.

मी पण थांबले. एरवी मी पटकन काहीतरी बोलले असते. खिडकीतल्या त्या बंद कूलरकडे आम्ही दोघी पाहत राहिलो. जिना चढवत नव्हता म्हणून त्यानं गच्ची सोडली होती. गच्ची सोडली म्हणून खाली कूलर लावला होता. तो त्यानंच मागितला होता, आणि बायकोनं त्याच्यासाठी माळ्यावरून काढून, धुऊन, नवं खस भरून लावला होता. हे सासूला आत्ता, माझ्यासमोर, बोलता बोलता दिसलं.

मग ती वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. खालच्या. म्हणाली, आठ दिवस आधीपासून तो संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसायचा. सदरा काढायचा आणि डावा खांदा पुढे करायचा. ती मोहरीचं तेल कोमट करून चोळून द्यायची. हात पार दंडापर्यंत दुखतो म्हणायचा. आणि म्हणायचा, तिला सांगू नको, ती लगेच दवाखान्यात नेईल.

"मग तुम्ही सांगितलं नाही," मी म्हटलं.

"लगन झाल्यापासून पहिल्यांदा माह्याकडं काही मागायले आला होता तो," सासू म्हणाली. "मी काहून सांगू तिले?"

मागचा धोपटण्याचा आवाज कधी थांबला ते आम्हाला कळलं नव्हतं. सून ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मी घाबरले, आणि घाबरल्यावर मी जे करते तेच केलं. नियमाला धरून बसले. नियम असा होता की फॉर्म भरून झाला की घरातल्या दोन मोठ्या माणसांसमोर तो वाचून दाखवायचा आणि मग सह्या घ्यायच्या. मी फॉर्म काढला, भराभर लिहिलं आणि वाचायला लागले. माझा वाचायचा आवाज फार खणखणीत होता. आमचे हे म्हणायचे, तुला स्टेशनवर माइकसमोर बसवायला हवं, गाड्या वेळेवर येतील. त्याच आवाजात मी वाचत गेले. वय, काम, सायकल सोडली, चढावर थांबणे, दोन उशा, गच्चीवर झोपणे सोडले, कूलर स्वतः मागितला. पुढचा रकाना आला आणि मी थांबले.

ते वाचलं तर एक बाई सुटणार होती आणि दुसरी अडकणार होती. न वाचलं तर होतं तेच राहणार होतं. पाच दिवसांनी तेरवीला भावांची जीप सुनेला न्यायला येणार होती. आणि हे ठरवायला त्या खोलीत मी बसले होते, जिला काल-परवापर्यंत 'निष्कर्ष' हा शब्द आवडत होता. मी कागद खाली-वर केला. पान उलटल्यासारखं केलं.

"वाच ना व," सासू म्हणाली. "काहून थांबली?"

मी सासूकडे पाहिलं. ती दिव्याकडे पाहत होती. मी वाचलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना. आठ दिवसांपासून डाव्या खांद्यात व दंडात दुखणे. आईकडून तेल लावून घेणे. पत्नीस न सांगणे.

मला वाटलं आता काहीतरी फुटेल. निदान एखादं भांडं तरी. सून तिथेच दारात खाली बसली, चौकटीला टेकून, आणि सासूला म्हणाली, "मले माहीत होतं."

सासूनं मान वर केली.

"बनेनीले तेलाचा वास येये. रोज मीच धुवत होती." तिनं हात पदराला पुसले, परत पुसले. "मी वाट पाहून राहिली होती, तुम्ही कधी सांगता त्याची. म्हटलं, तुमच्याजवळ जाऊन बसून राहिला तर बसू दे. मी कशाले मधात येऊ."

तेव्हा मला तो रस्त्यातला प्रश्न कळला. ती बादल्यांबद्दल विचारत नव्हती. सासू बादल्यांवर बोट ठेवत होती आणि सून ते बोट हलवत नव्हती, कारण दोघींनाही बादल्यांच्या मागे काय आहे ते ठाऊक होतं. एकीनं तेल चोळलं, एकीनं ते धुतलं. तो बिचारा दोघींच्या मधून गच्चीचा जिना चुकवत, सायकल हातात धरून, हळूहळू चालला होता. आणि तिघंही एकमेकांना जपत होते.

अशा वेळी शहाणं माणूस काय करतं ते मला आजही माहीत नाही. मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, इथे सही करा. खरंच म्हटलं. सुनेनं सही केली. सासूनं अंगठा दिला, शाई जरा जास्त लागली, ती तिनं जमिनीवर पुसली. मग उशिरा का होईना, मला तोंड फुटलं. मी सुनेला सांगितलं की आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, दोन बादल्यांनी माणूस मरत नाही. त्याचं हृदय आधीच थकलं होतं. दवाखान्यात गेला असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हा 'कदाचित' मॅडमनी मला दहा वेळा म्हणून घ्यायला लावला होता, कारण मी तो गाळणार ही त्यांना खात्री होती.

दोघी ऐकत होत्या. मी उठले तेव्हा सासू सुनेला म्हणाली की कपडे तसेच ओले ठेवून आलीस का, वास मारतील. सून उठून मागे गेली. थोड्या वेळानं सासूही भिंतीला हात धरून उठली आणि तिच्या मागे गेली. मी एकटीच उरले त्या खोलीत, दिव्याजवळ. अंगणातून दोघींनी मिळून चादर पिळल्याचा आवाज आला, पाणी फरशीवर पडल्याचा. मग बाहेरचं ऊन, आणि मी कुठल्या रस्त्यानं घरी गेले ते आठवत नाही.

संशोधनाचं म्हणाल, तर त्यानंतर आमच्या फॉर्मला एक बारावं पान लागलं. 'काय करणे सोडले'. आधी ज्या घरांतून मी 'नाही' लिहून आणलं होतं त्या सगळ्या घरी मला परत पाठवलं गेलं, आणि त्या 'नाही'च्या खालून काय काय निघालं. देवळाच्या पायऱ्या सोडल्या होत्या. नातीला कडेवर घेणं सोडलं होतं. एकानं गाणं गुणगुणणं सोडलं होतं, दम लागायचा म्हणून, आणि घरच्यांना वाटलं होतं की आता गंभीर झाले, वय झालं. लोक अचानक मरत होते हे खरं, पण फार हळूहळू अचानक मरत होते. मॅडमनी हे डॉक्टरी भाषेत लिहिलं आणि मोठ्या लोकांपुढे वाचलं. मी मागच्या खुर्चीत बसून, सगळं मीच शोधल्यासारखी मान हलवत होते.

तेरवीला सासूनं मला बोलावणं पाठवलं. मी गेले ते घाबरतच. दाराशी भाड्यानं आणलेली जीप उभी होती, मागची सीट काढून जागा केलेली, बहिणीची ट्रंक आणि मशीन मावायला. दोघं भाऊ आत बसले होते. थोरला बोलका, मिशीवाला, दुखवट्याची साडी मांडीवर घेऊन. त्याची बायको घरी खोली आवरून ठेवते आहे असं तो ज्याला त्याला सांगत होता. सून आत पंगतीचं वाढत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

जेवणं झाली. पाराभरच्या बाया, त्या दिवशी दारात होत्या त्याच, अंगणात हात धूत होत्या. सासू उभी राहिली. ती काही भाषण करणारी बाई नव्हती. तिनं पदर कमरेला खोचला आणि थोरल्या भावाकडे पाहून म्हणाली, "कूलर त्यानंच मागितला होता. त्याले जिना चढवत नव्हता. हे मले माहीत होतं, तिले बी माहीत होतं. त्या दिवशी मी बोलली ते बोलली." मग जरा थांबून, "ती कुठं जाऊन नाही राहिली. तुम्ही चहा घ्या."

एक बाई नळ बंद करायचा विसरली, तेवढा आवाज येत राहिला. थोरला भाऊ गोंधळला. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तो आधी थोडा रागावला. एवढी जीप आणली, सीट काढली, घरी खोली आवरली. तो म्हणाला, असं कसं, बाईचं मन, उद्या परत काही झालं तर? मग त्यानं बहिणीला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती हातात वाढायची पळी धरून उभी होती. म्हणाली, साड्यांचा गठ्ठा पडला आहे, दुकानवाला दोनदा निरोप पाठवून राहिला. एवढंच. मला वाटलं हे काही उत्तर नव्हे. पण सगळ्यांना ते पुरलं.

भावांनी चहा घेतला. जीप रिकामी न्यायची हे मात्र थोरल्याला पटेना. एवढ्या लांब आलोच आहोत तर, असं म्हणत तो गोल बाजारात गेला आणि तासाभरानं एक भला मोठा पितळी गंज, म्हणजे झाकणाचं पातेलं, घेऊन परत आला, बायकोसाठी. निघता निघता तो दाखवायला म्हणून घरात घेऊन आला. खोलीच्या मधोमध ठेवला. आम्ही सगळ्या भोवती बसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सुनेनं झाकण उचललं, ठेवलं. फिरवून ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "हे दुसऱ्याच गंजाचं झाकण आहे."

तो म्हणाला, नवं आहे, बसेल हळूहळू. सासूनं झाकण तिच्या हातातून घेतलं, स्वतः लावून पाहिलं, दाबून पाहिलं. एका बाजूनं बसलं की दुसरीकडून उठायचं. "हव," ती म्हणाली, "हे बसलं की मले कळव. मी पाहायले येईन गोंदियाले."

सून हसली. जोरात नाही, नाकातून निसटलं तसं. आणि लगेच दचकली, पदर तोंडाशी नेला, सासूकडे पाहिलं. सासू झाकण उजेडाकडे धरून त्याचा काठ बोटानं चाचपत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ह्याले परत धाड गोल बाजारात, अन् ह्या वेळी तू जा संगं, ह्याले काही समजत नाही.